पडद्यावरची शिलाई

आमच्या ट्रायल रूममध्ये एका वेळी दीड माणूस मावतं. म्हणजे मी अख्खी आणि ढब्बू अर्धा. उरलेला ढब्बू पडद्याबाहेर. तरी रेकॉर्डिंगला याच्याहून भारी जागा मिळायची नाही. तिन्ही भिंतींना गिऱ्हाइकांचे कोट, जाकिटं, झगे टांगलेले असतात. आवाज त्यात मुरतो, घुमत नाही. दुकान आईचं, अल्टरेशनचं. लोक जाड होतात, आई उसवते. लोक बारीक होतात, आई टाके घालते. माणसं काही एका मापात राहत नाहीत, म्हणून आमचं चाललंय.

दर शुक्रवारी मी आणि ढब्बू त्या खोलीत घुसून 'फुकटचं मत' रेकॉर्ड करतो आणि नेटवर टाकतो. ढब्बू माझा दोस्त, गेमिंग कॅफेत कामाला आहे, त्यामुळे गेम्स त्याच्याकडे. सिनेमे माझ्याकडे. गाण्यांवर दोघं भांडतो, आणि लोक ऐकतात ते खरं तर त्या भांडणासाठीच.

"तो नवा लपाछपीचा गेम," ढब्बू त्या दिवशी म्हणाला, "दहापैकी आठ. आपण एका घरात लपायचं, आणि एक माणूस आपल्याला शोधत फिरतो. माझी तर जाम फाटली."

"दोन," मी म्हणाले. "तुझा तो शोधणारा सारखा धावतो, बुटांचा धाडधाड आवाज करतो, वर गुरगुरतो. अरे, शोधतोयस की वरात काढलीयस?"

"मग काय त्याने चिठ्ठी पाठवून यायचं?"

"ते जास्त भीतीदायक होईल."

मागून हसू आलं. ताईचं. ती कपाटामागे बसून पँटच्या मोहऱ्या दुमडत होती. ती हसली की आम्ही रेकॉर्डिंग थांबवतो आणि तेवढा तुकडा कापून टाकतो. तिचा आवाज बाहेर जायचा नाही, हा घरातला नियम.

नियम अजून होते. नाव सांगायचं नाही. गावाचं नाव घ्यायचं नाही, दुकानाचं तर नाहीच. फोटो नाही. ताईने पुढच्या काउंटरवर बसायचं नाही. हे सगळं जिजूमुळे.

गेल्या वर्षी एका सकाळी ताई अंगावरच्या कपड्यांनिशी घरी आली. आईने तिच्या स्वेटरची बाही वर केली, बघितलं, परत खाली केली आणि शिलाई मशीनला कव्हर घातलं. आठवड्याच्या आत आम्ही दोन मशिनी आणि एक ट्रंक घेऊन या गावात होतो. इथे आम्हाला कुत्रं ओळखत नव्हतं, आणि तेच पाहिजे होतं. मागे काय झालं ते आत्याकडून कळलं. जिजू तिच्याकडे येऊन गेला होता. ओरडला नाही, शिवी दिली नाही. दोन दिवस तिच्या दाराच्या पायरीवर नुसता बसून राहिला. आत्या दूध घ्यायला बाहेर पडली की उठून वाट द्यायचा, आणि परत बसायचा. जाताना म्हणाला, "बायको आहे माझी. मिळेल."

माझं आणि जिजूचं पटायचं, हे पण सांगून टाकते. मी शाळा सोडली तेव्हा सगळं घर तोंड फिरवून बसलं होतं, हा एकटाच सिनेमावर माझ्याशी तासन्‌तास वाद घालायचा. मला मुद्दाम डिवचायचा. मी भडकले की टाळ्या वाजवायचा. मी ज्या हेडफोनवर रेकॉर्डिंग करते ते त्यानेच दिलेत. कितीदा वाटलं फेकून द्यावेत. पण चांगले आहेत.

तर 'फुकटचं मत'ला ऐकणारे जेमतेम. त्यातले लिहिणारे पाच-सहा. त्यात एक 'रिकामी खुर्ची' नावाचा इसम उगवला. पहिल्यांदा ढब्बूच्या त्या गेमवर लिहिलं: 'ताई बरोबर बोलल्या. शोधणाऱ्याने पळायचं नसतं. दार कुठे आहे ते कळलं की बास.' कुणी ताई म्हटलं की मला जरा बरंच वाटतं, शाळेत तर मला ए ठोंबे म्हणायचे. मी त्याला अंगठा दिला.

मग तो प्रत्येक भागाखाली लिहायला लागला. चांगलं लिहायचा. बोगद्यात अडकलेल्या कामगारांचा सिनेमा आला होता, त्यात पाण्याचा आवाज कसा पुढून मागे सरकतो ते त्याने बरोबर पकडलं होतं. मला वाटलं, चला, कोणीतरी कानाचा माणूस मिळाला. ढब्बू म्हणाला, "हा तुझ्यावर लाइन मारतोय." मी त्याच्या डोक्यात मोजपट्टी घातली.

आणि मग खुर्चीने सूर बदलला. 'बोगद्याचा सिनेमा तुम्ही थिएटरात पाहिलाच नाही,' त्याने लिहिलं. 'मोबाइलवर चोरून बघितलाय. मोबाइलवाल्यांनी आवाजावर मतं देऊ नयेत.'

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोललेलं मला चालतं, मी पण बोलते. पण मी खरं बोलताना कुणी खोटं ठरवलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. आई मला ठिणगी म्हणते ते उगाच नाही.

शुक्रवारी मी माइकसमोर बसले आणि सुटले.

"ऐक रे खुर्चीच्या. दर बुधवारी, दुपारचा खेळ, शेवटची रांग, भिंतीकडची खुर्ची. तिथे बसून बघते मी सिनेमा. डावीकडचा स्पीकर ढोलासारखा बडवतो त्या हॉलचा, आणि पडद्याला खाली उजव्या कोपऱ्यात शिलाई आहे. हातभर लांब. हीरो तिकडे उभा राहिला की बुटांना टाके घातल्यासारखे दिसतात. हे मोबाइलवर दिसतं का? दिसतं का? हिंमत असेल तर ये आणि बघ!"

ढब्बूने अंगठा दाखवला. जोशात होतो दोघं. त्याच जोशात शेवटी मी म्हणाले, "आणि या बुधवारी माझ्या घरातलं एक माणूस वर्षभराने सिनेमाला येतंय. तिचं मत पुढच्या शुक्रवारी."

तिचं. बोलून गेले आणि कळलंसुद्धा नाही.

कारण ताई खरंच येणार होती. गेले कित्येक दिवस ती आईच्या मागे लागली होती. "ही बया दर आठवड्याला बोलते आणि मी नुसती ऐकते," ती म्हणायची. "एकदा तरी डोळ्याने बघू दे." आई आधी नाही म्हणाली, मग काहीच म्हणाली नाही, मग एक दिवस ताईच्या जुन्या कोटाला नवीन अस्तर लावून तो तिच्या खुर्चीवर ठेवला. आमच्यात हो असंच म्हणतात.

रविवारी कुणीतरी भागाखाली लिहिलं: 'टाकेवाला पडदा! अरे हा तर आमच्याकडचा हॉल!' आणि पुढे हॉलचं नाव, गावाचं नाव. ढब्बूने ते संध्याकाळी पुसलं. "कोण बघतंय एवढं," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. रिकाम्या खुर्चीने त्या भागाखाली दोनच शब्द लिहिले होते. 'वाट बघतो.' मी म्हटलं, हरला. गप्प बसला एकदाचा.

बुधवारी हॉलमध्ये पंधराएक डोकी होती. टॉर्चकाकांनी आम्हाला बघून हात केला. ते दारावर तिकीट फाडतात, टॉर्च मारून जागा दाखवतात, आणि पडदा शिवल्यापासून आईचे भक्त आहेत. शिडी सरकवताना पडदा फाटला होता, नवीन आणायला मालक तयार नव्हता. तेव्हा काकांनी आईला बोलावलं. आई पुढून सुई घालायची, मी पडद्यामागे उभी राहून ती ओढून परत द्यायची. अख्खी दुपार गेली. पडद्याला जवळून बारीक बारीक भोकं असतात, मागच्या स्पीकरचा आवाज यायला. मागून बघितलं तर चाळणीतून बघितल्यासारखं सगळं दिसतं.

सिनेमा होता एका बाईचा. ती समुद्राकाठच्या हॉटेलात रात्रपाळी करते आणि एका खोलीतलं गिऱ्हाईक कधीच बाहेर येत नाही. ठीक होता. पार्श्वसंगीत उगाच कुंथत होतं. पण ताई पुढे वाकून, हनुवटी मुठीवर ठेवून अशी बघत होती की मला मध्ये बोलायची लाज वाटली.

मध्यंतरात दिवे लागले. ताईचे गाल लाल झाले होते.

"सांग, दहापैकी किती?" मी विचारलं.

"आत्ता कसं सांगू? शेवट बघू दे की." ती हसली. "तुला गंमत सांगू? लग्नानंतर मी एकाही सिनेमाचा शेवट बघितला नाही."

"म्हणजे?"

"त्यांना पार्किंगमधली गर्दी आवडायची नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली की हेल्मेट उचलायचे आणि उठायचे. मी पण उठायचे. घरी येऊन मग मी मनातल्या मनात शेवट लावायचे. एकदा विचारलं, एकदा तरी थांबू या का." तिने पॉपकॉर्नचा एक दाणा उचलला आणि तसाच हातात धरला. "एकदाच विचारलं."

मी खिशात हात घातला. फोन काढला. रिकाम्या खुर्चीचं सगळं खालपासून वरपर्यंत वाचलं. बोगद्याचा सिनेमा: पाण्याचा आवाज, मुकादमाचं काम करणारा नट, मधलं गाणं. शेवटी बोगदा फुटतो त्यावर एक अक्षर नाही. लिफ्टवाला सिनेमा: सगळं गाव त्याच्या शेवटावर भांडत होतं, हा पहिल्या प्रसंगावर तीन परिच्छेद लिहून मोकळा. जुळ्या बहिणींचा सिनेमा: ढब्बूने त्याला सरळ विचारलं होतं, 'मग शेवटी मेली ती कुठली, सांगा.' उत्तर नाही. पुढच्या सिनेमावर गेला होता.

एवढे सिनेमे. एकाचाही शेवट त्याला माहीत नव्हता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, मी तर अख्खा पत्ता दाखवला होता. आणि मला डिवचलं की मी काय करते हे जगात कुणाला माहीत होतं?

मी मान वर केली. पुढून तिसऱ्या रांगेत एक माणूस एकटा बसला होता. दिवे लागले तरी उठला नव्हता. मांडीवर काहीतरी गोल, काळं.

"ताई," मी म्हटलं.

"तिकडे बघत राहू नकोस," ती ओठ न हलवता म्हणाली. पॉपकॉर्नचा दाणा तिच्या मुठीत चुरला होता. "मी बघितलंय. दिवे लागले तेव्हाच. तुला कळू नये म्हणून बोलत राहिले."

"चल, आत्ता जाऊ."

"तो दारापर्यंत चार पावलांत येतो. बस."

दिवे गेले.

उरलेला सिनेमा मला विचारू नका. बाई जिना चढत होती, उतरत होती, मी फक्त तिसरी रांग बघत होते. वर जायचं दार आमच्या मागे, पण ते फोयरमध्ये उघडतं आणि फोयरला एकच जिना. बाजूचं दार पार्किंगमध्ये. पळालो तर तो मागे येणार. बसलो तर शेवटी सगळ्यांबरोबर बाहेर, त्याच्या हातात. आणि तिसरं दार होतं पडद्यामागे, मागच्या गल्लीत उघडणारं. शिलाईच्या दिवशी मी तिथूनच आईला चहा आणून दिला होता. पण पडद्याकडे जायचं तर तिसऱ्या रांगेवरूनच जावं लागतं.

"तो उठेल," ताई कुजबुजली.

"कशावरून?"

"त्याला दुसरं येत नाही."

पडद्यावरच्या बाईने त्या खोलीच्या दाराला किल्ली लावली. आणि तिसऱ्या रांगेतला माणूस उठला.

तो मधल्या वाटेने वर आला. सावकाश. हेल्मेट खुर्च्यांच्या पाठींना घासत होतं, ठक, ठक, ठक. मी फोनची स्क्रीन पोटाशी दाबून धरली. आमच्या रांगेपाशी आल्यावर तो थांबला असं मला वाटलं. थांबला नाही. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागचं दार उघडलं, उजेडाची पट्टी जमिनीवर पडली, आणि मिटली.

आम्ही खाली धावलो. पडद्याच्या पायरीपाशी टॉर्चचा झोत आला.

"काय गं ठिणगे, पुढे कुठे?"

"काका, मागचं दार उघडं आहे ना?"

"कडी आहे नुसती. का? आणि ऐक, आईला सांग, तिला मोठं गिऱ्हाईक मिळालंय. मघाशी खेळाआधी एक जण पडद्यापाशी उभा राहून विचारत होता, पडदा कोणी शिवला, काय हात आहे म्हणाला. मी दुकानाचा पत्ता दिला."

काकांचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्यांना काय बोलणार?

आम्ही पडद्यामागे शिरलो. धूळ, वायरी आणि ढोलासारखा बडवणारा तो डावा स्पीकर. मी कडीपाशी गेले, मागे बघितलं तर ताई थांबलेली. पडद्यातून उजेड चाळून तिच्या अंगावर पडत होता, ठिपका ठिपका. पडद्यावरचं सगळं इकडून उलटं दिसत होतं. हॉटेलची बाई डाव्या हाताने दार ढकलत होती. खोलीत कोणी नव्हतं. खिडकी उघडी, आणि बिछान्यावर बाईचाच कोट घडी करून ठेवलेला.

"ताई!"

"झालं," ती म्हणाली. "बघितलं."

गल्लीत ऊन होतं. तेवढ्यात फोन थरथरला. 'रिकामी खुर्ची'ने शुक्रवारच्या भागाखाली लिहिलं होतं:

'मेव्हणीबाई, शेवट कसा होता ते सांगा. मी तोवर आईंना भेटून घेतो.'

मी आईला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. मग तिने उचलला.

"आई, ऐक, शटर ओढ आणि..."

"हां, बोला मॅडम," आई म्हणाली. माझ्याशी. एकदम गोड आवाजात, जो ती फक्त कटकट्या गिऱ्हाइकांसाठी ठेवते. "नाही हो मॅडम, तुमचा कोट नाही झाला. आज येऊच नका. मी आता दुकान बंदच करतेय. तुम्ही बाहेरगावी जाणार होता ना? मग जा की. कोट कुठे पळून जातोय."

मागे कुणीतरी खुर्ची ओढली. फोन बंद झाला.

मी ताईकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. आई काय सांगत होती ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं: स्टँडवर जा, गाडी धरा, मागे बघू नका.

"पोलिस चौकी कुठे?" ताईने विचारलं. वर्षभर राहून तिला गावातला एक रस्ता माहीत नव्हता.

"दुसऱ्या चौकात. टाकीशेजारी."

"तू तिकडे पळ. आणि दुकान कुठल्या बाजूला?"

"डोकं फिरलंय का तुझं? आईने काय सांगितलं ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. तिथे आई एकटी आहे." तिने कोटाची बटणं लावली, खालपासून वरपर्यंत. "कुठली बाजू, ठिणगे? मी विचारत विचारत गेले तर उशीर होईल."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिला मिठी मारावीशी पण वाटली. मी हात करून दाखवलं, डावीकडे, आणि ती चालायला लागली. पळत नव्हती. नुसती चालत होती.

मी पळाले. चौकीत एक पोलीस फोनवर कुठलातरी गेम खेळत होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. जे काय बोलले ते ओरडून बोलले, कारण त्याने फोन उलटा ठेवला, बाइकची चावी घेतली आणि मला मागे बसवलं. वाटेत एकदा विचारलं, "मारतो का?" मी म्हटलं, "आधी वाट बघतो."

आमच्या गल्लीत सगळं रोजच्यासारखं होतं. चावीवाला चावी घासत होता. कुणाच्या तरी खिडकीतून तेच रद्दी गाणं लागलं होतं ज्याला मी दहापैकी एक दिला होता. दुकानासमोर एक बाइक नीट, अगदी नीट, स्टँडवर लावलेली होती. तिच्यावर हेल्मेट नव्हतं.

शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलेलं होतं.

मी वाकून बघितलं. खालच्या फटीतून फक्त पाय दिसत होते. आईच्या चपला, मशीनच्या पायडलवर. तिच्या शेजारी ताईचे सँडल, गल्लीच्या धुळीने माखलेले. आणि दोघींच्या समोर काळे बूट, जवळजवळ ठेवलेले, शाळेत उभं राहतात तसे. कुणी हलत नव्हतं. मशीन तेवढं चालू होतं, एका लयीत, खटखट खटखट, जणू कापड संपतच नव्हतं.

मग बुटांतला एक बूट पुढे सरकला.

"वर घे," पोलीस माझ्या कानाशी म्हणाला. त्याचा हात कमरेच्या काठीवर होता.

शटर तापलं होतं. मी दोन्ही हात खाली घातले आणि जेवढा राग आजवर साठवला होता तेवढा सगळा लावून ते वर ओढलं.